कारकून, मुनीम आणि पुरोहित

गोंदिया जंक्शनवर उतरून बाजारपेठेच्या दिशेने चालू लागावे, तो वाटेत कितीतरी माणसे आपापल्या कामात गढलेली दिसतात. तिकिटाच्या खिडकीमागे बाबू बसलेला असतो. धानाच्या अडतीत मुनीम वही उघडून आकडे जुळवीत असतो. तहसील कचेरीच्या दारात चपराशी उभा असतो आणि आत नायब तहसीलदार कागदांवर सह्या करीत असतात. सराफाच्या पेढीत तराजू लटकत असतो. थोडे पुढे गेले की देवळात पुजारी, मशिदीत इमाम आणि विहारात भंते भेटतात. ही सारी नावे आपल्या इतकी ओळखीची असतात की त्यांचा अर्थ काय, ती कोठून आली, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु एकेक शब्द हाती घेऊन उलगडून पाहिला, तर त्यात पुष्कळ इतिहास दडलेला आढळतो.

गोंदिया जिल्हा अशा शब्दांच्या अभ्यासाला फार सोयीचा आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा निर्माण झाला. त्याच्या सीमेला एका बाजूने मध्य प्रदेश आणि दुसऱ्या बाजूने छत्तीसगड लागलेले आहे. येथे मराठीबरोबर हिंदी, पोवारी, गोंडी आणि छत्तीसगढी कानी पडतात. शिवाय हा प्रदेश पूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात, नंतर इंग्रजांच्या मध्य प्रांतात आणि स्वातंत्र्यानंतर काही वर्षे मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून तो महाराष्ट्राचा भाग झाला. राज्य बदलले की कचेरीतील शब्दही बदलतात. ज्याला येथील आजोबा पटवारी म्हणत, त्याला मुलगा तलाठी म्हणू लागला. पुणे-साताऱ्याकडे जो मामलेदार, तो येथे पूर्वीपासून तहसीलदार. पुढे तहसीलदार हाच शब्द साऱ्या राज्यात रूढ झाला. तहसील म्हणजे वसुली, आणि 'दार' म्हणजे बाळगणारा. सरकारचा सारा वसूल करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे, तो तहसीलदार.

कारकून हा शब्द आपल्याला अगदी घरचा वाटतो. पण तो फारसी आहे. 'कार' म्हणजे काम आणि 'कुन' म्हणजे करणारा. तेव्हा कारकून याचा मूळ अर्थ केवळ 'काम करणारा' एवढाच. त्यात लेखणीचा उल्लेख कोठेही नाही. राज्यकारभारात काम म्हणजे लिहिण्याचेच काम, असे मानले गेल्यामुळे लिहिणाऱ्यालाच हे नाव चिकटले. शेतात राबणाराही खरे पाहता कारकूनच. परंतु त्याला तसे कोणी म्हटले नाही. कारकून ज्या कागदांच्या गठ्ठ्यात बसे, ते दफ्तर. हा शब्द त्याहूनही लांबून आलेला आहे. ग्रीक भाषेत कमावलेल्या कातड्याला 'दिफ्थेरा' म्हणत. पूर्वी कातड्यावर लिहीत असत. म्हणून लिहिलेल्या कागदपत्रांनाही तेच नाव मिळाले. ग्रीकांकडून ते इराणात, इराणातून आपल्याकडे, आणि आपल्याकडे सरकारी कचेरीतून ते थेट मुलांच्या पाठीवर येऊन बसले. शाळेत नेण्याचे दप्तर ते हेच.

लिहिणारा या अर्थी फारसीत 'नवीस' असा शब्द आहे. मराठीने त्याचे 'नीस' केले आणि त्यावरून नावांची एक मोठी माळच तयार झाली. चिठ्ठ्या म्हणजे पत्रे लिहिणारा तो चिटणीस. फर्द म्हणजे हिशेबाचा कागद. तो लिहिणारा फडणवीस किंवा फडणीस. फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा पारसनीस. रोज घडलेल्या वृत्तांताची नोंद ठेवणारा वाकनीस. आज ही आडनावे आहेत. एके काळी ती पदे होती. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, प्रधानांच्या फारसी पदनामांना संस्कृत नावे देण्यात आली. मुजुमदाराचा अमात्य झाला, वाकनिसाचा मंत्री, सुरनिसाचा सचिव आणि डबिराचा सुमंत. पुढे महाराजांच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश रचला गेला. त्यात कारभारातील कितीतरी यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. गंमत अशी की, चिटणीस आणि फडणीस हे शब्द तरीही टिकले. लोकांच्या तोंडी बसलेला शब्द राजाज्ञेलाही सहसा बधत नाही.

आता बाजारातील मुनीमजींकडे वळू. मुनीम हा शब्द अरबी 'मुनीब' यावरून आला. मुनीब म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्याला नेमणारा, अर्थात धनी. परंतु आज मुनीम म्हणजे धन्याने नेमलेला माणूस. धन्याचे नाव नोकराला मिळाले! याच अरबी धातूपासून नायब हा शब्द झाला. नायब म्हणजे दुसऱ्याच्या जागी काम पाहणारा, प्रतिनिधी. नायब तहसीलदार या पदनामात तो आजही जिवंत आहे. आणि या नायबाचेच अनेकवचन म्हणजे नवाब. दिल्लीच्या बादशहाचे प्रांतोप्रांतीचे प्रतिनिधी पुढे स्वतःच राजे होऊन बसले, तेव्हा त्या शब्दाला राजवैभव आले. एकाच मुळाचे तीन शब्द: एक सिंहासनावर चढला, दुसरा तहसील कचेरीत टेबलामागे बसला आणि तिसरा धानाच्या अडतीत गादीवर मांडी घालून हिशेब लिहू लागला. गुमास्ता हाही मुनिमाचाच सोबती. गुमास्ता म्हणजे फारसीत 'नेमलेला'. येथे मात्र शब्दाने आपला अर्थ प्रामाणिकपणे सांभाळला आहे.

शब्दांचे नशीब कसे फिरते, हे पाहायचे असेल तर कचेरीच्या दाराशीच थांबावे. तेथे बसणाऱ्याला पश्चिम महाराष्ट्रात शिपाई म्हणतात, विदर्भात चपराशी म्हणतात, जुन्या पुस्तकांत तो पट्टेवाला असतो आणि इंग्रजीत त्याला प्यून म्हणतात. शिपाई म्हणजे सैनिक. 'सिपाह' म्हणजे फौज; तिच्यातील माणूस तो सिपाही. प्यून हा शब्द इंग्रजांनी पोर्तुगीजांकडून घेतला आणि त्याचाही अर्थ पायदळातील सैनिक असाच होता. म्हणजे दोन निरनिराळ्या भाषांतून दोन सैनिक निघाले, आणि दोघेही शेवटी फायली पोचविण्याच्या कामाला लागले. चपराशी हा मात्र चपराशीवरून, म्हणजे अधिकाराची खूण म्हणून अंगावर लावलेल्या पितळी बिल्ल्यावरून, ओळखला गेला. आणि पट्टेवाला त्याच्या पट्ट्यावरून. शस्त्र गेले, बिल्ला गेला, पट्टाही गेला, नावे उरली.

कोतवालाची कथा याहून थोडी दुःखद आहे. संस्कृतातील 'कोट्टपाल' म्हणजे कोटाचा रक्षक, किल्लेदार. मोगलांच्या काळी कोतवाल हा शहरातील बंदोबस्ताचा मोठा अधिकारी असे. त्याच्या नुसत्या नावाने चोर थरथरत. तोच शब्द आपल्या खेड्यात आला, तेव्हा महसूल खात्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर येऊन थांबला. साऱ्याचे दिवस आले की घरोघर निरोप सांगणे, दवंडी देणे, गावात साहेब आले की त्यांच्याबरोबर हिंडणे, ही कोतवालाची कामे. काम अष्टौप्रहर आणि मोबदला मात्र फार थोडा. पुष्कळ ठिकाणी हे काम पिढ्यान्पिढ्या गावातील एकाच समाजाच्या माथी मारलेले होते. म्हणूनच 'कोतवाल' हा भारदस्त शब्द ऐकून जुन्या काळी त्या कोतवालाच्या मुलाला अभिमान वाटत असेल, असे समजण्याचे कारण नाही. अलीकडे शासनाने या पदाला 'महसूल सेवक' असे नाव दिले आहे. ग्रामसेवकाचेही नाव २०२४ मध्ये 'ग्रामपंचायत अधिकारी' असे झाले आणि तलाठ्याला 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणावे असे ठरले. गावकऱ्यांच्या तोंडी तलाठी आणि ग्रामसेवक किती वर्षे राहतात, ते पाहण्यासारखे आहे. आजही काही म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात पटवारीच येतो.

याच ओघात एका जुन्या शब्दाची आठवण करणे जरूर आहे. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया आणि त्यांच्या आसपासच्या धानाच्या मुलखात, गावोगाव मालगुजार असत. माल म्हणजे सरकारी सारा आणि गुजार म्हणजे भरणारा. मालगुजार गावाचा सारा सरकारात भरी आणि त्या बदल्यात गावावर त्याची सत्ता चाले. त्याच्या पदरी हिशेब लिहिणारा दिवाणजी असे. मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने ही पद्धत मोडली आणि १९५१ मध्ये मालगुजारांचे हक्क संपले. त्यांच्या ताब्यातील तळी सरकारकडे आली. कागदोपत्री त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात आणि बोलताना त्याचे झाले 'मामा तलाव'. बाहेरगावचा पाहुणा हे नाव ऐकून कोणाच्या मामाने हा तलाव बांधला, असे विचारतो. मामा नाहीत, मालगुजारही नाहीत. परंतु त्या तळ्यांवर अजून धान पिकते.

लिहिणाऱ्या माणसाच्या हातात केवढी सत्ता असते, हे समजण्यासाठी मात्र कचेरी सोडून जंगलाच्या कडेला गेले पाहिजे. एप्रिलच्या अखेरीपासून गोंदिया जिल्ह्यात तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होतो. विडीसाठी लागणारी ही पाने तोडण्यास बायामाणसे पहाटे अंधार असतानाच रानात जातात. ऊन चढले की घरी येऊन सारे कुटुंब पाने जुळवीत बसते. सत्तर पाने मोजून एकेक पुडके बांधावयाचे. संध्याकाळी ही पुडकी डोक्यावर घेऊन फडावर नेतात. फड म्हणजे पुष्कळ माणसे एका कामासाठी जमतात ती जागा; कुस्तीचा फड, तमाशाचा फड, तसाच हा पत्त्याचा फड. तेथे ओळीने पुडकी मांडली जातात आणि एक मनुष्य ती मोजून वहीत व मजुराच्या कार्डावर आकडा लिहितो. त्याला फडमुंशी म्हणतात.

मुंशी किंवा मुनशी हा शब्द अरबी 'इन्शा' यापासून निघाला. इन्शा म्हणजे रचना, विशेषतः पत्राची सुंदर रचना. मोगल दरबारात मुनशी हा मोठा विद्वान समजला जाई. बादशहाच्या वतीने राजेरजवाड्यांना अलंकारिक भाषेत पत्रे लिहिणे हे त्याचे काम. आमचा फडमुंशी अलंकार वापरीत नाही. तो फक्त आकडे लिहितो. परंतु ज्या बाईने पहाटेपासून ऊन डोक्यावर घेऊन पाने तोडली, तिच्या दृष्टीने दरबारी मुनशीच्या शंभर पत्रांपेक्षा हा एक आकडा अधिक महत्त्वाचा आहे. शंभराच्या जागी नव्वद लिहिले गेले, तर दहा पुडक्यांची, म्हणजे सातशे पानांची मेहनत कागदावरून नाहीशी होते. पुडके खराब आहे असे म्हणून बाजूला टाकले, तर तेही गेलेच. जिला वाचता येत नाही, तिने तक्रार कशाच्या आधारावर करावयाची? म्हणूनच पुष्कळ घरांत शाळेत जाणारे मूल आईबरोबर फडावर जाते आणि कार्डावरचा आकडा डोळ्यांनी पाहून घेते. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर काही गावांच्या ग्रामसभा तेंदूपत्त्याची विक्री स्वतःच करू लागल्या. तेथे वही गावाची, मोजणी गावाची, आणि मुंशीला जाब विचारणारेही गावचेच.

वहीची हीच गोष्ट सावकाराच्या बाबतीत अधिक तीव्रतेने घडली. सावकार हा शब्द मुळात फार चांगला आहे. साधु म्हणजे सज्जन, विश्वासू. व्यापाऱ्याच्या शब्दावर लोकांनी विश्वास ठेवावा, म्हणून व्यापाऱ्यालाही साधु म्हणत. सत्यनारायणाच्या कथेतील साधुवाणी हा संन्यासी नव्हे, तर गलबते घेऊन परदेशी जाणारा व्यापारी आहे, हे त्यामुळेच. साव, साहू, सावकार हे सारे त्या साधूचेच वंशज. परंतु कर्जबाजारी शेतकऱ्याला या शब्दात सज्जनपणा कसा दिसावा? तो रोख्यावर अंगठा उठवी, किंवा सहीच्या जागी नांगराची निशाणी करी. वर काय लिहिले आहे, ते त्याला वाचता येत नसे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि पाहता पाहता हा दंगा पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. त्या लोकांना मुख्यतः हवे होते ते कागद. हिशेबाच्या वह्या आणि कर्जरोखे त्यांनी बाहेर काढून जाळले. ज्या अक्षरांनी त्यांची जमीन घेतली होती, त्या अक्षरांवर त्यांचा राग होता. त्यानंतर १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी सरकारला कायदा करावा लागला. हल्ली महाराष्ट्रात २०१४ च्या अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून सावकारी करता येत नाही.

दलाल हाही असाच घसरलेला शब्द. अरबीत दलाल म्हणजे वाट दाखविणारा. गिऱ्हाइकाला विकणाऱ्यापर्यंत पोचविणारा वाटाड्या, असा त्याचा सरळ अर्थ. वादात आपली बाजू दाखवून देणारी दलील ही त्याचीच बहीण. बहिणीची अब्रू राहिली, भावाची गेली. धानाच्या बाजारातील अडत्याला मात्र कोणी नावे ठेवीत नाही. शेतकऱ्याचा माल आपल्या अडतीत उतरवून घेऊन तो विकून देणे आणि त्याबद्दल ठरलेली अडत घेणे, हा त्याचा उघड धंदा. त्याच्याभोवती मापारी आणि हमाल असतात. हमाल म्हणजे भार वाहणारा. खेड्याखेड्यांतून थोडेथोडे धान्य गोळा करणाऱ्या फिरत्या व्यापाऱ्याला छत्तीसगढी बोलीत कोचिया असा एक छोटासा शब्द आहे. रेल्वे येण्यापूर्वी छत्तीसगडचे धान्य बैलांच्या पाठीवर लादून या वाटेने नेणारे बंजारे असत. बंजारा या नावात वाणिज्य आहे आणि लमाण या नावात लवण, म्हणजे मीठ आहे, असे सांगतात. वाणी हा शब्दही त्याच वाणिज्याचा. कापड विकणारा तो बजाज, नाणी पारखणारा व बदलून देणारा तो सराफ, आणि अत्तरे विकता विकता औषधी मुळ्याही विकू लागला तो अत्तार. किराणा म्हणजे विकत घ्यावयाची वस्तू; 'क्रय' म्हणजे खरेदी, हा संस्कृत शब्द त्यात लपलेला आहे.

या नावांची स्त्रीलिंगी रूपे पाहिली म्हणजे एक निराळीच गोष्ट ध्यानात येते. पाटलीण म्हणजे गावकी करणारी स्त्री नव्हे, तर पाटलाची बायको. कुळकर्णीण हिशेब लिहीत नसे आणि जोशीण पंचांग पाहत नसे. उलट बोहारीण, कासारीण, माळीण, कोळीण या शब्दांनी स्वतः धंदा करणाऱ्या स्त्रियाच डोळ्यांपुढे येतात. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण कोणाची बायको आहे, हे कोण विचारतो? म्हणजे पूर्वी कोणत्या धंद्यात स्त्रीला जागा होती आणि कोणत्या धंद्याचे दार तिला बंद होते, हे व्याकरणाचे एक रूपच सांगून जाते. आज स्त्री तहसीलदार असते. पण तिला तहसीलदारीण कोणी म्हणत नाही. 'तहसीलदार आल्या' एवढे म्हटले की पुरे.

आता देवाधर्माच्या कामांकडे येऊ. प्रथम दर्शनी कारकून आणि पुरोहित यांचा काही संबंध दिसत नाही. परंतु इंग्रजीतील क्लार्क हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा अर्थ धर्मोपदेशक असा होता. युरोपात एके काळी लिहिणे-वाचणे बहुधा चर्चमधील लोकांनाच येत असे. त्यामुळे लिहिणारा म्हणजे धर्मोपदेशक, आणि पुढे धर्म बाजूला पडून नुसता लिहिणारा, असा अर्थ झाला. आपल्याकडे तरी निराळे काय होते? पंचांग वाचणारा आणि दफ्तर लिहिणारा हे दोघे पुष्कळदा एकाच घरातले असत.

पुरोहित हा शब्द 'पुरस्' म्हणजे पुढे आणि 'हित' म्हणजे ठेवलेला, यांपासून झाला. यजमानाने धर्मकृत्यात ज्याला पुढे केले, तो पुरोहित. मशिदीत नमाज पढताना जो सर्वांच्या पुढे उभा राहतो, तो इमाम. अरबीत 'अमाम' म्हणजे समोर, पुढे. मजुरांच्या टोळीवरचा मुकादम हाही अरबीच शब्द, आणि त्याचाही अर्थ पुढे केलेला. पेशवा हा फारसी शब्द. 'पेश' म्हणजे पुढे. संस्कृत, अरबी आणि फारसी या तीन भाषांनी देवाच्या कामात, राज्याच्या कामात आणि रस्त्याच्या कामातसुद्धा म्होरक्याला एकाच रीतीने ओळखावे, हे खरोखर नवल आहे. त्या भाषा बोलणारी माणसे एकमेकांशी भांडली असतील; त्यांच्या शब्दांनी मात्र एकच विचार केला.

जोशी म्हणजे ज्योतिषी. उपाध्याय म्हणजे ज्याच्याजवळ जाऊन शिकावे तो. त्याचेच मराठीत उपाध्ये आणि पाध्ये झाले, तर उत्तरेकडे झिजत झिजत ओझा आणि झा एवढेच उरले. मौलवी आणि मुल्ला या दोन्ही शब्दांत 'मौला' म्हणजे स्वामी आहे. काझी हा मूळचा न्यायाधीश. दर्ग्याची सेवा करणाऱ्या मुजावराचे नाव फार गोड आहे: मुजावर म्हणजे शेजारी. पिराच्या शेजारी ज्याने आपले आयुष्य काढले, तो मुजावर. पाद्री हा शब्द पोर्तुगीज; त्याचा अर्थ पिता.

विहारातील भिक्खू हा पाली शब्द आहे. भिक्षेवर राहणारा, स्वतःसाठी काही न साठविणारा, असा त्याचा अर्थ. आपण त्यांना भंते म्हणतो. ते वास्तविक नाव नसून आदराने मारलेली हाक आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा विदर्भातील लाखो लोक त्यांच्याबरोबर होते. गावोगावी भिक्खू मिळणे शक्य नव्हते. लग्न आणि नामकरण यांसारखे संस्कार करण्यासाठी समाजातीलच शिकलेली माणसे पुढे आली आणि त्यांना बौद्धाचार्य हे नवे नाव मिळाले. नवीन जीवन सुरू केले की त्यासाठी नवे शब्दही घडवावे लागतात.

गोंड लोकांच्या गावात देवाचे काम भुमका पाहतो. पेरणीपूर्वी गावदेवांची पूजा करावयाची, बियाण्याला देवाचा आशीर्वाद घ्यावयाचा, हे त्याच्याकडे. सालेकसा तालुक्यातील कचारगड येथे माघ पौर्णिमेला जी यात्रा भरते, तिला निरनिराळ्या राज्यांतून गोंड बांधव येतात. गोंडांच्या कुळांच्या आणि देवांच्या कथा किंगरीच्या साथीने गाऊन सांगणारे परधान असतात. परधान म्हणजे प्रधान, मुख्य. राजदरबारात हा शब्द सचिवाला लागला. जंगलात तो कथा सांभाळणाऱ्याला लागला. ज्या समाजाचा इतिहास कागदावर नव्हता, त्याने तो ज्याच्या कंठात ठेवला, त्यालाच प्रधान म्हटले, यात अयोग्य काहीच नाही.

पूर्वी ही बहुतेक कामे जन्माने मिळत. कुळकर्ण्याचा मुलगा कुळकर्णी आणि पुजाऱ्याचा मुलगा पुजारी. १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातील कुलकर्णी वतने संपली. आता कुळकर्णी आडनावाचा माणूस विमान चालवितो आणि पाटील आडनावाचा माणूस दवाखाना. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातील बडव्यांचे वंशपरंपरागत हक्क जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने कायमचे गेले. त्यानंतर मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी अर्ज मागविले, ते सर्व जातींच्या स्त्रीपुरुषांकडून. पुजारी हा शब्द तोच राहिला. तो कोणाला लागू शकतो, एवढेच बदलले. एवढेच म्हणावयाचे, परंतु त्यासाठी कित्येक पिढ्या जाव्या लागल्या.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर ६ जुलै १९६० रोजी भाषा संचालनालय स्थापन झाले आणि सरकारी पदांना मराठी नावे देण्याचे काम हाती घेतले गेले. क्लार्कचा लिपिक झाला, कॅशियरचा रोखपाल, टायपिस्टचा टंकलेखक, स्टेनोग्राफरचा लघुलेखक. अनेकांनी त्या पदनामांची थट्टा केली. लिपिक हा शब्द तर लोकांना अगदी कृत्रिम वाटला. वास्तविक त्याचे घराणे फार जुने आहे. कर्नाटकातील ब्रह्मगिरी येथे सम्राट अशोकाचा जो शिलालेख आहे, त्याच्या शेवटी तो लिहिणाऱ्या चापड नावाच्या माणसाने स्वतःला 'लिपिकर' म्हटले आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दगडावर राजाची आज्ञा लिहून खाली आपले नाव घालणारा तो मनुष्य आजच्या लिपिकाचा पूर्वजच म्हणावयाचा.

यंत्रांबरोबर आलेले काही शब्द मात्र यंत्रांबरोबरच गेले. रेल्वेने गोंदियाला मालबाबू आणि तारबाबू दिले. जुलै २०१३ मध्ये देशातील तारसेवा बंद झाली आणि तारबाबू गोष्टींत जाऊन बसला. टंकलेखकाचे यंत्रही आता क्वचितच दिसते. ग्रामपंचायतीत दाखला काढावयास जावे, तर तेथे संगणक परिचालक बसलेला असतो. त्याचे सरकारी नाव फलकावर स्पष्ट लिहिलेले असते. पण गावातली म्हातारी दारात काठी टेकून विचारते, "कॉम्प्युटरवाला आला का रे बाबू?" आणि त्या एका वाक्यात तिने तीन भाषांतले शब्द वापरलेले असतात.

स्वाध्याय

१. पुरोहित, इमाम, मुकादम आणि पेशवा या शब्दांत कोणती कल्पना समान आहे? ती प्रत्येक शब्दाच्या मुळावरून दाखवा.

२. मूळचा अर्थ चांगला असून पुढे ज्यांचा मान कमी झाला, असे या पाठातील तीन शब्द निवडा. तसे का झाले असावे, ते आपल्या शब्दांत लिहा.

३. फडमुंशीने लिहिलेला आकडा बरोबर आहे, याची खात्री मजुराला कोणकोणत्या मार्गांनी करून घेता येईल?

४. 'दार', 'नीस', 'वाला' आणि 'कार' हे प्रत्यय लागून झालेले प्रत्येकी तीन शब्द शोधा. त्यांपैकी कोणते आज आडनावे म्हणून आढळतात?

५. आपल्या गावातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून, पूर्वी असलेल्या पण आता उरल्या नाहीत अशा पाच कामांची नावे मिळवा. ती कामे करणारी माणसे नेमके काय करीत, हेही विचारून लिहा.